तीनशे बारा उतारू

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पाटी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद, आणि चार कोपऱ्यांना चार भोकं. शाळेतल्या पाटीशी माझं काही नातं नाही. तिच्यावर लिहितात आणि पुसतात. माझ्यावर एकदाच लिहिलं गेलं, तेही छिन्नी-हातोडीनं, त्यामुळे पुसायची सोय नाही. वरच्या ओळीत एका बोटीचं नाव आहे, 'मंजुळा'. खालच्या ओळीत लिहिलंय, 'उतारू ३१२'.

उतारू म्हणजे प्रवासी. त्या बोटीवर तीनशे बारा माणसांनी बसायचं, तीनशे तेराव्यानं काठावर थांबायचं, एवढं सांगण्यासाठी माझा जन्म झाला. त्यामुळे मला एक वाईट खोड लागली आहे. मी माणसं मोजते. लग्नाचा मांडव असो की भाजीचा बाजार, दिसली माणसं की माझं मोजणं सुरू. गोष्ट मात्र गोड नाही, हे आधीच सांगून ठेवते. गोड गोष्ट हवी असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझा जन्म मुंबईत, माझगावच्या एका लहानशा कारखान्यात झाला. 'मंजुळा' तेव्हा नवी कोरी होती. मुंबईहून निघायची आणि कोकणच्या किनाऱ्यानं बंदरं घेत घेत जायची. सरकारी तपासनीस आला, त्यानं बोट खालून वरून पाहिली. बाकं मोजली, जीव वाचवायच्या होड्या मोजल्या, बोटीच्या पोटावर रंगवलेली पांढरी रेघ पाहिली. ती रेघ पाण्याखाली गेली की समजायचं, बोटीला भार झाला. मग त्यानं कागदावर आकडा लिहिला, ३१२. तीनशे दहा नाही, तीनशे वीस नाही. म्हाताऱ्या कारागिरानं तो माझ्या अंगावर कोरला. मला फार दुखलं, पण त्या आकड्याचा मला अभिमानही वाटला. अजून वाटतो. त्याच अभिमानानं पुढं माझा घात केला.

बोटीवर चढायच्या शिडीजवळ मला चार स्क्रूंनी बसवलं. तिथंच बोटीचा सारंग उभा राहायचा. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. रत्नागिरीकडचा, पांढऱ्या दाढीचा, कमी बोलणारा. त्याच्या कमरेला एक कापडी पिशवी असायची आणि तिच्यात मोजून तीनशे बारा चिंचोके. एक माणूस शिडी चढला की एक चिंचोका पिशवीतून काढून डब्यात टाकायचा. पिशवी रिकामी झाली की शिडी वर. मग खाली कुणी का उभं असेना, सावकार असो की जावईबापू. लोक शिव्या द्यायचे. सारंग माझ्याकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "माझ्यावर कशाला रागावता? तिला विचारा."

ते माझे सुखाचे दिवस होते. फणस, कोंबड्या, वळकट्या, रडकी पोरं, गौरी-गणपतीला गावी निघालेली माणसं, सगळी माझ्यासमोरून गेली. सारंग रोज सकाळी मला चिंचेनं घासायचा. तुमच्यापैकी कुणी मला तेव्हा पाहिलं असतं तर माझ्यात तोंड पाहून भांग पाडला असता.

मग युद्ध आलं. सरकारनं 'मंजुळा' ताब्यात घेतली. तिच्या पांढऱ्या अंगाला राखाडी रंग फासला. उतारूंची बाकं उपटून काढली, खिडक्यांवर फळ्या ठोकल्या आणि तिला ब्रह्मदेशाच्या किनाऱ्याकडे पाठवून दिलं. आता फणस नाही की कोंबड्या नाहीत. शिडीवरून नुसते बूट चढायचे, बूट आणि बंदुका. पोटावरची पांढरी रेघ राखाडी रंगाखाली गेली. कुणी ती मुद्दाम पुसली असं मी म्हणणार नाही. घाई होती, आणि घाईत रंगवणाऱ्याला रेघ दिसली नाही.

पहिल्या खेपेला चारशे सैनिक चढले. सारंगाची पिशवी रिकामी झाली, तरी माणसं चढतच राहिली. काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला साडेपाचशे, तेव्हाही काही झालं नाही. मग सातशे. मित्रांनो, 'काही झालं नाही' या वाक्याइतकं घातकी वाक्य मी ऐकलेलं नाही. ते ऐकलं की आजही माझं पितळ गार पडतं.

शेवटच्या खेपेला नऊशे चाळीस चढायचे होते. तीनशे बारावा चिंचोका डब्यात पडला आणि त्या दिवशी सारंग शिडीवर आडवा उभा राहिला. गोऱ्या अधिकाऱ्याला म्हणाला, "साहब, ये पाटी देखो. अब बस." अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. तो दुष्ट नव्हता. थकलेला होता, आणि त्यालाही कुणीतरी वरून घाई करत होतं. त्याला वाटलं, अडचण पाटीची आहे. त्यानं जवळच्या शिपायाला हुकूम दिला, ही पाटी काढ.

तो शिपाई म्हणजे चंद्रभान. वऱ्हाडातल्या एका माळ्याचा मुलगा, अचलपूरच्या बाजूचा, वय वीस. महिन्यापूर्वीपर्यंत त्यानं समुद्र चित्रातही पाहिला नव्हता. हुकूम म्हणजे हुकूम. त्यानं खिशातला चाकू काढला आणि माझे चार स्क्रू सोडवले. मला काढून कुठं ठेवायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्यानं मला आपल्या पाठीवरच्या पिशवीत घातलं. सारंग त्याला हळूच म्हणाला, "बेटा, संभालके रख. उतरने के बाद वापस लगा देना."

तिसऱ्या दिवशी सकाळी किनारा दिसला. हिरवा, माडांचा. तीन दिवस पोटात कोंबलेली माणसं, कुणी उलट्या करून अर्धी झालेली, 'जमीन दिसली, जमीन दिसली' म्हणत सगळी वर आली आणि उजव्या बाजूला धावली. मी पिशवीत होते. मला काही दिसत नव्हतं, बूट तेवढे ऐकू येत होते. सगळे बूट एकाच दिशेनं गेले आणि परत आलेच नाहीत. 'मंजुळा' कलली, ती कललीच. ना तोफ, ना शत्रू, ना वादळ. किनारा समोर दिसत असताना माणसं बुडाली.

चंद्रभान नदीकाठचा होता, त्याला पोहता येत होतं. त्यानं बूट काढले, बंदूक सोडली, एका तरंगत्या फळीला धरून तो किनाऱ्याला लागला. पिशवी तशीच पाठीला होती. वाळूवर माणसं मोजली तेव्हा ती दोनशे सत्याऐंशी भरली. त्यांत सारंग नव्हता.

दवाखान्याच्या तंबूत चंद्रभाननं एक खिळा मिळवला आणि माझ्या पाठीवर तीन ओळी कोरल्या. त्याला चौथीपर्यंतचंच लिहिता यायचं, अक्षर वेडंवाकडं आलं. कारागिराच्या छिन्नीपेक्षा तो खिळा मला जास्त दुखला. त्या तीन ओळी काय होत्या ते पुढं येईलच.

लढाई संपली आणि चंद्रभान मला घेऊन गावी आला. समुद्राकाठची मी, एकदम काळ्या मातीत! त्याच्या घरी झेंडू, शेवंती, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरची. सकाळी अंगणात फुलांचे ढीग पडायचे आणि परतवाड्याच्या बाजारासाठी गाडी भरायची. घरच्यांनी विचारलं, लढाईहून काय आणलं? त्यानं मला दाखवलं. "पितळीचा तुकडा हाय," एवढंच म्हणाला. बायकोनं उचलून मला पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवलं. नाव आणि आकडा वर, चंद्रभानच्या ओळी खाली, पाण्याकडं. कोकणच्या बोटीची पाटी वऱ्हाडात रांजणाचं झाकण झाली. नशीब! पण खोटं कशाला बोलू, रांजणावर गार वाटायचं.

पुढं त्याच्या मुलाचं, वामनरावांचं, लग्न झालं आणि गोदाबाई सून म्हणून घरात आली. पहिल्याच आठवड्यात ती मला राख आणि चिंच लावून घासायला बसली. एक बाजू लखलखीत केली, मग उलटी केली. चंद्रभान धावत आला.

"सूनबाई, वरची बाजू घास. मांगची नोको घासू."

"काऊन मामाजी? काळी पडली ना थे."

"पडू दे. थे माह्या हातचं पाप हाय. पुसाचं नाई."

गोदाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं बोटांनी चाचपून पाहिलं, काहीतरी कोरलेलं आहे एवढं तिला कळलं. पुन्हा विचारलं नाही. पुढची वीस-बावीस वर्षं ती मला एकाच बाजूनं घासत राहिली. म्हातारपणी चंद्रभान ओट्यावर बसून चिंचोके या मुठीतून त्या मुठीत टाकायचा, एक, एक, एक. घरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला चाळा लागला. तो काय मोजतोय ते मला ठाऊक होतं. पण मी नुसती पाटी. मला वाचावं लागतं, मला बोलता कुठं येतं?

चंद्रभान गेला. घरात नळ आला, रांजण फुटला आणि मला कुणी विचारीनासं झालं. धान्याच्या कोठीला उंदरानं भोक पाडलं, तिथं मला टेकवून ठेवलं. काही वर्षं माझी संगत उंदरांशी होती. त्यांनाही मी मोजायची.

त्यानंतर नदीवर धरण झालं. जुनं गाव पाण्याखाली गेलं, नवं गाव अलीकडच्या काठावर वसलं. पण काही घरांची शेतं पलीकडं राहिली, आणि पलीकडच्याच टेकाडावर राहिली गावाची आसरामाय. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. शेंदूर लावलेले सात गोटे, वर एक लाल झेंडा. तिला गाव मानतं आणि भितंही.

वामनरावांचा मुलगा किशोर हुशार निघाला. त्यानं जुनी लोखंडी नाव मिळवली, परतवाड्याला नेऊन तिला वेल्डिंग करवलं, पंपाचं डिझेल इंजिन बसवलं आणि भाजीवाल्यांना पलीकडच्या शेतात नेऊ-आणू लागला. नाव देणाऱ्या मासेमारानं बजावलं होतं, "चालवनारा सोडून पंधरा मानसं, याच्यावर नाई." किशोरनं ते ऐकलं, पण कुठं लिहून ठेवलं नाही.

नावेला नाव काय द्यायचं, म्हणून घरात चर्चा चालली होती. कोठीजवळ किशोरला मी दिसले. त्यानं मला शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि म्हणाला, "अरे वा! आयतीच पाटी हाय. नाव बी आयतंच. मंजुळा!" आणि मला नावेच्या तोंडाशी, चढायच्या जागी, चार स्क्रूंनी बसवलं. नाव आणि आकडा समोर. चंद्रभानच्या ओळी मागं, लोखंडाला चिकटून.

त्या दिवशी मला फार आनंद झाला. ऐंशी वर्षांनी पुन्हा पाणी, पुन्हा चढणारी माणसं! आपण कुठल्या बोटीची पाटी आहोत, ही नाव केवढी, आपल्यावरचा आकडा केवढा, याचा मी विचारही केला नाही. अभिमान माणसांनाच आंधळं करतो असं नाही. पितळही आंधळं होतं.

सुरुवात थट्टेनं झाली. गावात बंडू म्हणून एक जण आहे. झेंडूचा मळा आहे आणि जीभ तिखट. एकदा अठरावा माणूस चढताना किशोर कां-कूं करू लागला, तर बंडूनं माझ्यावर थाप मारली.

"पाय ना बे, काय लिहिलं हाय. तीनशे बारा! अन् तू अठराले भेते?"

सगळे हसले. किशोरही हसला आणि अठरावा चढला. काही झालं नाही. मग कधी वीस, कधी बावीस. दर वेळी कुणीतरी माझ्यावर थाप मारायचं, "तीनशे बारा चालते!" थट्टेची सवय झाली आणि सवयीचा कायदा. जो आकडा माणसांना थांबवायला कोरला होता, तोच आता त्यांना हात धरून चढवत होता. मला ओरडावंसं वाटायचं, अरे, हा आकडा तुमच्या नावेचा नाही! पण ओरडणार कशानं?

आता त्या गावाची एक रीत सांगते. मार्गशीर्षातल्या एका रविवारी गाव आसरामायला रोडगे घालायला जातं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. धरणापूर्वी बैलगाड्यांची रांग निघायची आणि देवीपाशी गाव सगळं मिळून पोचायचं. कुणी आधी नाही, कुणी मागं नाही. गाडी मागं राहिली तर आसरामाय रुसते, असं म्हणत. आता गाड्या गेल्या आणि नाव आली. मग रीत अशी झाली की सगळं गाव एकाच खेपेत गेलं पाहिजे.

गेल्या वर्षी अडतीस माणसं एका खेपेत गेली. पाणी नावेच्या काठापासून चार बोटं खाली होतं. मी मोजली, माणसंही आणि बोटंही. परत आल्यावर वामनराव सगळ्यांना म्हणाले, "पाह्यलं? मायनंच नेलं अन् मायनंच आनलं. काई झालं का?"

हेच वाक्य मी आधी कुठं ऐकलं होतं ते तुम्हाला माहीत आहे.

यंदा रविवार सुट्टीला जोडून आला. अमरावतीचे, अकोल्याचे, पुण्याला नोकरीला असलेले, सगळे आले. धरण काठोकाठ भरलेलं. सकाळचं ऊन छान पडलं होतं, पाणी अगदी स्वच्छ, आणि त्या छान सकाळची मला भीती वाटत होती. नावेत आधी गोवऱ्यांची पोती चढली, मग कणकेचे डबे, भाजी-वरणाचे गंज, पराती. मग माणसं. पस्तीस, छत्तीस, सदतीस. किशोरची बायको सीमा चढली, कडेवर लहानगी प्राजक्ता. त्रेपन्न, चौपन्न. दर माणसागणिक नाव जराशी खाली बसायची. साठावे वामनराव. ते समोर उभे राहून रीत सांभाळत होते, "चला, चला, कोनी मांगं राहू नोका!" पाणी काठापासून दोन बोटं खाली होतं. मला सारंगाची रिकामी पिशवी दिसू लागली.

"बाबा, दोन खेपा करू का?" किशोरनं हळूच विचारलं.

"दोन खेपा?" वामनराव म्हणाले. "माह्या हयातीत नाई झालं असं. मायले काय सांगू?"

एकसष्टावी गोदाबाई. तिच्या डोक्यावर नैवेद्याची टोपली होती, म्हणून ती सगळ्यांत शेवटी आली. चढताना आधाराला तिनं माझ्यावर हात टेकला. कितीतरी वर्षांनी तिची बोटं मला लागली. ती थबकली. तिनं खाली पाण्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आत्या, चढा चढा," बंडू ओरडला. "तीनशे बारा चालते!"

"कोन म्हन्ते?"

"हे काय, पाटीवर लिहिलं हाय."

"हे त रांजनावरची पाटी होय," गोदाबाई म्हणाली. "इच्या मांगं बी लिहिलं हाय. थे कोनी वाचलं का?"

कुणीच वाचलं नव्हतं. गोदाबाईनं वर टाकलेला पाय मागं घेतला आणि टोपली मांडीवर घेऊन ती काठावरच बसली. नैवेद्य काठावर, म्हणजे नाव कशी सुटणार?

वामनराव चिडले. "आता या टायमाले पाटी उघडता का? उठा!"

"मी नाई उठत. मामाजी म्हनत, हे माह्या हातचं पाप हाय. पाप समोर लावून मायकडं जाता व्हय? पह्यले वाचा, मंग मी उठतो."

"आई, अव गंजली असन थे..."

"काढ, किशोर."

किशोरनं पाना-पेचकसाची पिशवी काढली. पहिला स्क्रू निघाला, दुसरा निघाला, तिसराही. चौथा गंजला होता, फिरेना. लोक कुरकुरू लागले. कुणी म्हणालं, जाऊ द्या, आल्यावर पाहू. मित्रांनो, त्या एका स्क्रूवर एकसष्ट माणसं अडकली होती आणि त्यांतल्या साठांना ते माहीत नव्हतं. किशोरनं डिझेलचे दोन थेंब सोडले, जोर लावला, आणि मी सुटले.

सीमा अंगणवाडीत शिकवते. तिनं प्राजक्ताला खाली ठेवलं, पदराला थुंकी लावून माझी पाठ पुसली आणि मोठ्यानं वाचलं.

"चढले ९४०."

तिनं बोट दुसऱ्या ओळीवर ठेवलं.

"उतरले २८७."

तिसरी ओळ तिनं आधी मनात वाचली आणि वामनरावांकडं पाहिलं. "मामाजी, खाली बाबाजींचं नाव हाय." आणि हळू आवाजात वाचली, "पाटी म्या काढली. चंद्रभान."

इंजिन धडधडत होतं. किशोरनं ते बंद केलं.

वामनराव खाली पाहत उभे होते. सत्तरी उलटलेला माणूस, पण त्याक्षणी तो मला लहान मुलासारखा दिसला. "चिंचोके मोजत होते बाबा," ते म्हणाले. "मले वाटे, येडे झाले. म्या हासत होतो त्यायले." मग त्यांनी धोतराचा सोगा वर धरला आणि ते नावेतून उतरले. सगळ्यांत आधी तेच उतरले, ज्यांनी 'मागं राहू नका' म्हणून सगळ्यांना चढवलं होतं. त्यांच्यामागं बंडू उतरला. मग एकेक करून सगळे. दर माणसागणिक नाव जराशी वर येत होती.

"पन रीत?" कुणीतरी विचारलं.

उत्तर गोदाबाईनं दिलं. "गाड्यायच्या टायमाले काय होत होतं, आठवा ना. पुढची गाडी मांगच्या गाडीसाठी थांबत होती. मांगची येईपर्यंत कोनी मायच्या पाया पडत नोयता. थांबाची रीत हाय आपली, कोंबाची नाई."

म्हातारी माणसं एकमेकांकडं पाहू लागली. खरंच होतं ते. गाड्या गेल्या तशी रीतीची अर्धी बाजू विसरली होती.

गोदाबाईनं नैवेद्याच्या टोपलीतून चिंचेचा गोळा काढला, भाजीसाठी आणलेला. त्यातले पंधरा चिंचोके निवडले, पाण्यात धुतले आणि किशोरच्या हातावर ठेवले. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सासऱ्याचा चाळा तिनं वीस-बावीस वर्षं पाहिला होता, तेवढंच.

पहिल्या खेपेत पंधरा जण निघाले. मी सीमाच्या मांडीवर होते. मध्यावर गेल्यावर टेकाडावरचा लाल झेंडा दिसला, आणि दर वर्षीसारखा कुणीतरी ओरडला, "आसरामाय की जय!" सीमा सोडून सगळे उजव्या बाजूला उठून उभे राहिले. नाव कलली. पाणी काठावरून आत आलं, गार, पायाच्या घोट्यापर्यंत. एक डबा सरकत जाऊन पाण्यात पडला.

"बसा!" किशोर ओरडला. "जथल्या तथी बसा!"

सगळे मटकन बसले. नाव थोडी डुलली आणि सरळ झाली. सीमानं प्राजक्ताला एवढं घट्ट धरलं होतं की ती रडू लागली. कणकेचा तो डबा मागं पाण्यावर तरंगत होता. मग त्यात पाणी शिरलं आणि तो दिसेनासा झाला. सगळ्यांनी तो बुडताना पाहिला. पंधरा माणसांत एवढं झालं. एकसष्ट असती तर काय झालं असतं, हे कुणी बोललं नाही. मी मात्र मनात वजाबाकी केली. करायला नको होती.

त्या दिवशी चार खेपा झाल्या आणि वर एका माणसासाठी पाचवी. तो एक माणूस म्हणजे वामनराव. शेवटी आपणच यायचं, असा त्यांचा हट्ट. तोवर पलीकडं साठ माणसं उन्हात थांबली, कुणी देवीच्या पाया पडलं नाही. रोडगे उशिरा झाले, काही करपले. बंडूनं एकदाही थट्टा केली नाही.

परत आल्यावर किशोर मला पुन्हा जागेवर लावू लागला. सवयीनं चकचकीत बाजू वर धरली. वामनरावांनी त्याचा हात धरला आणि मला उलटं केलं. आता नाव आणि आकडा लोखंडाकडं आहे आणि चंद्रभानच्या काळ्या, वेड्यावाकड्या ओळी माणसांकडं. खाली किशोरनं रंगानं लिहिलंय, 'ही नाव १५'. माझं सुंदर अंग आता कुणाला दिसत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. एवढी वर्षं मी ज्या बाजूनं मिरवत होते, तीच बाजू खोटं बोलत होती.

पण मित्रांनो, मला अजून भीती वाटते. रंग उन्हानं उडतो. गोदाबाई थकली आहे. आणखी दहा-वीस वर्षांनी कुणीतरी नवा माणूस येईल, माझ्या पाठीवरचे ओरखडे पाहून म्हणेल, ही पाटी उलटी कुणी लावली? मागं किती छान चमकते! स्क्रू चारच आहेत आणि पेचकस कुणाकडंही असतो. तो मला सुलटी करील, घासून लखलखीत करील, आणि त्यानंतर एखाद्या सुंदर सकाळी कुणीतरी माझ्यावर थाप मारून हसेल.

तुम्ही कधी त्या काठावर आलात तर माझ्या पाठीवरच्या तीन ओळी मोठ्यानं वाचा, सोबतच्यांना ऐकू जातील अशा. चढणारी माणसं मोजा. पंधरावा चिंचोका पडला की, देवीचं बोलावणं असलं तरी, सोळाव्यानं काठावर थांबा. आणि मला सुलटी करू नका. मला उलटीच राहू द्या.